मोनोवाय, नेब्रास्का: एका छोट्या अमेरिकी गावाचा इतिहास आणि लोकसंख्या – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोनोवाय हे गाव नेमके कुठे आहे?

अमेरिकेच्या मध्यभागी असलेल्या नेब्रास्का राज्याच्या ईशान्य भागात, साउथ डकोटा राज्याच्या सीमेलगत, बॉइड नावाची काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) आहे. मिसूरी आणि नायोब्रारा या दोन नद्यांच्या मधला हा टापू. त्यातून पॉन्का क्रीक नावाचा मोठा ओढा वाहतो आणि मोनोवाय याच ओढ्याच्या खोऱ्यात, राज्य महामार्ग क्रमांक १२ वर वसलेले आहे. आजूबाजूला गवताळ टेकड्या, गुरांची कुरणे आणि मका, गवत व इतर चाऱ्याची शेते आहेत. गावाच्या हद्दीचे क्षेत्रफळ सुमारे ०.२१ चौरस मैल, म्हणजे अर्ध्या चौरस किलोमीटरहून थोडे अधिक भरते. एकोणिसाव्या शतकात एका शेतकरी कुटुंबाला सरकारकडून मिळणाऱ्या १६० एकर जमिनीपेक्षाही हे संपूर्ण गाव लहान आहे.

हे गाव इतके प्रसिद्ध का झाले?

२०१० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या १ नोंदवली गेली. कायद्याने स्थापन झालेली, स्वतःचा कारभार असलेली आणि तरीही एकच रहिवासी असलेली नगरसंस्था त्या गणनेत संपूर्ण अमेरिकेत दुसरी नव्हती. त्यानंतर देशोदेशीचे पत्रकार आणि प्रवासी तिथे येऊ लागले. २०१८ मध्ये आर्बीज या खाद्यसाखळीने जगातील सर्वांत मोठे जाहिरातीचे पोस्टर याच गावात जमिनीवर पसरले आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली.

या प्रसिद्धीमुळे गावाविषयी एक गैरसमज मात्र पक्का झाला आहे. मोनोवायकडे एक विलक्षण अपवाद म्हणून पाहिले जाते आणि तिथल्या एकट्या रहिवासी महिलेच्या दिनक्रमापलीकडे फारसे कोणी जात नाही. प्रत्यक्षात या गावाची लोकसंख्या जशी वाढली आणि जशी ओसरली, त्यात अपवादात्मक असे फार थोडे आहे. रेल्वे, जमिनीचे कायदे, शेतीचे यांत्रिकीकरण आणि मोटारी या चार गोष्टींनी मध्य अमेरिकेतील शेकडो गावांचे जे केले, तेच इथेही घडले. फरक एवढाच की इथे आकडा अगदी टोकाला गेला. म्हणूनच हे गाव समजून घेण्यासारखे आहे.

गावाची स्थापना केव्हा आणि कशी झाली?

मोनोवायची स्थापना १९०२ ची आहे. त्या वर्षी फ्रिमाँट, एल्कहॉर्न अँड मिसूरी व्हॅली रेल्वेचा एक फाटा नेब्रास्काच्या ईशान्य कोपऱ्यातून साउथ डकोटामधील बोनस्टील गावापर्यंत नेण्यात आला. व्हर्डेल, मोनोवाय, लिंच, ब्रिस्टो, स्पेन्सर ही स्थानके या मार्गावर एकापाठोपाठ एक येत होती. या कंपनीची मालकी शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेकडे होती आणि पुढच्याच वर्षी ती तिच्यात विलीन झाली.

त्या काळात रेल्वे आणि गाव या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नसत. शेतकरी घोडागाडीत धान्य भरून सकाळी निघाला तर माल विकून, सामान घेऊन त्याच दिवशी घरी परतला पाहिजे, असा हिशेब असे, आणि म्हणून मार्गावर थोड्याथोड्या मैलांवर स्थानक लागे. स्थानकाशेजारी धान्याची कोठारे, गुरे चढवण्याचे कोंडवाडे, किराणा दुकान, लोहार, टपाल कार्यालय आणि चर्च उभे राही. मोनोवायचे टपाल कार्यालयही १९०२ मध्येच सुरू झाले. अशा गावाचे गिऱ्हाईक गावात राहत नसे, ते भोवतालच्या शेतांवर विखुरलेले असे. पुढे लोकसंख्येचे आकडे वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

१९०२ पूर्वी तिथे कोण राहत होते?

या प्रश्नाला बहुतेक लेखांत जागाच मिळत नाही, म्हणून तो थोडा विस्ताराने घेतो.

नायोब्रारा आणि मिसूरी यांच्या संगमाभोवतीचा हा प्रदेश पॉन्का या मूलनिवासी समाजाचा. ते नदीकाठी मका पिकवत आणि हंगामात बायसनच्या शिकारीसाठी पश्चिमेकडे जात. १८५८ च्या करारात त्यांनी आपल्या प्रदेशाचा मोठा भाग अमेरिकी सरकारला दिला आणि पॉन्का क्रीक व नायोब्रारा यांच्या मधल्या पट्ट्यात राखीव भूमी स्वीकारली. १८६५ च्या कराराने त्यांच्या भूमीच्या सीमा बदलल्या. नंतर १८६८ मध्ये फोर्ट लॅरमी येथे सू या दुसऱ्या मूलनिवासी समाजाशी करार करताना सरकारने पॉन्कांची जमीनच चुकून सूंच्या नावे लिहून टाकली. चूक सरकारची होती. तरीही ती दुरुस्त करण्याऐवजी १८७७ मध्ये सुमारे सातशे पॉन्कांना त्यांच्या गावांतून उठवून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमातील इंडियन टेरिटरीत चालत नेण्यात आले. पहिल्या दोन वर्षांत रोगराई आणि उपासमारीने त्यांच्यापैकी जवळपास एक तृतीयांश माणसे दगावली.

त्यांच्या प्रमुखांपैकी एक असलेल्या स्टँडिंग बेअर यांचा मुलगा तिथे मरण पावला. आपल्याला नायोब्राराच्या काठी पुरावे, ही त्याची शेवटची इच्छा होती. जानेवारी १८७९ मध्ये सुमारे तीस माणसांसह स्टँडिंग बेअर मुलाचे अवशेष घेऊन भर हिवाळ्यात उत्तरेकडे निघाले. सैन्याने त्यांना वाटेत ताब्यात घेतले आणि प्रकरण ओमाहा येथील संघीय न्यायालयात गेले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला, की मूलनिवासी मनुष्य हा कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे आणि बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्याचा त्याला अधिकार आहे. अमेरिकेच्या नागरी हक्कांच्या इतिहासातील हा पायाभूत निकाल मानला जातो. २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या इमारतीतील पुतळ्यांच्या दालनात नेब्रास्का राज्याच्या वतीने स्टँडिंग बेअर यांचा पुतळा बसवण्यात आला. उत्तरेकडील पॉन्का समाजाची सरकारी मान्यता १९६० च्या दशकात काढून घेण्यात आली होती. ती १९९० मध्ये त्यांना परत मिळाली.

मोनोवायचा इतिहास ‘१९०२ मध्ये स्थापना’ या वाक्याने सुरू करणे मला अपुरे वाटते ते यामुळे. तिथली जमीन रिकामी नव्हती. ती रिकामी करण्यात आली होती.

मग वसाहतकार शेतकरी कसे आले?

१८८२ च्या एका संघीय कायद्याने नेब्रास्काची उत्तर सीमा ४३ व्या अक्षांशापर्यंत वर सरकवण्यात आली आणि आजच्या बॉइड काउंटीचा प्रदेश नेब्रास्कात येण्याचा मार्ग मोकळा झाला. १८८९ मध्ये सूंच्या विशाल राखीव भूमीचे तुकडे करण्यात आले. त्यानंतर १८९० च्या सुमारास हा पट्टा वसाहतीसाठी खुला झाला. १८९१ मध्ये काउंटी स्थापन झाली आणि तत्कालीन गव्हर्नर जेम्स बॉइड यांचे नाव तिला देण्यात आले. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार १६० एकर जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसणाऱ्याला मालकी मिळत असे. या आशेने माणसे आली, आणि १९१० च्या जनगणनेपर्यंत काउंटीची लोकसंख्या आठ हजारांच्या पुढे गेली होती.

रेल्वे पोहोचल्यावर वर्दळ आणखी वाढली. १९०४ मध्ये पलीकडच्या रोझबड राखीव भूमीतील जमीन सोडतीने वाटायची ठरली, तेव्हा अडीच हजारांहून कमी भूखंडांसाठी लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. बोनस्टील हे नोंदणीचे एक प्रमुख ठिकाण होते आणि तिथे जाणारी आगगाडी याच मार्गाने जात असे. अशा जत्रेच्या दिवसांत दोन वर्षांपूर्वी आखलेल्या गावाला आपले भवितव्य उज्ज्वल वाटले असेल, तर नवल नाही.

दर जनगणनेत गावाची लोकसंख्या किती होती?

गावाची पहिली गणना १९१० ची. त्या वर्षी १०९ माणसे होती. १९२० मध्ये ती १०० झाली आणि १९३० मध्ये १२३ वर गेली. जनगणनेत नोंदलेली ही सर्वाधिक संख्या आहे. भरभराटीच्या काळात गावात १५० लोक होते असे अनेक लेखांत वाचायला मिळते. परंतु कोणत्याही अधिकृत गणनेत तो आकडा नाही. १९४० मध्ये ९९, १९५० मध्ये ६७, १९६० मध्ये ४० आणि १९७० मध्ये १६ अशी उतरण पुढे दिसते. १९८० मध्ये दोनांची भर पडून १८ झाले. नंतर १९९० मध्ये ६, २००० मध्ये २ आणि २०१० मध्ये १. २०२० चा अधिकृत आकडा पुन्हा २ आहे, मात्र त्यामागचे कारण वेगळे आहे आणि ते पुढे दिले आहे.

हे आकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. प्रसिद्धी १ या आकड्याला मिळाली, पण गाव खरे उठले ते त्याच्या कितीतरी आधी. १९३० ते १९६० या तीस वर्षांत दोन तृतीयांश माणसे गेली आणि १९६० च्या एकाच दशकात उरलेल्यांपैकी साठ टक्के गेली. १९७० नंतर जे झाले ते मुख्यतः वयाचे गणित होते. तरुण आधीच गेले होते आणि मागे राहिलेली पिढी एकेक करून संपत गेली.

माणसे का गेली?

एखादे संकट कोसळले आणि गाव ओस पडले, असे इथे झाले नाही. १९३० च्या दशकातील दुष्काळ आणि महामंदी यांनी पहिला धक्का दिला. पिके गेली, शेतमालाचे भाव पडले, कर्जापायी जमिनी विकाव्या लागल्या. त्या दहा वर्षांत गावाची लोकसंख्या १२३ वरून ९९ वर आली.

मोठा बदल दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आले, कापणी-मळणीची एकत्रित यंत्रे आली, आणि जे शेत कसायला एक कुटुंब व दोन गडी लागत ते एकटा माणूस कसू लागला. यंत्राचा खर्च भरून काढायचा तर जमीन जास्त हवी, म्हणून शेजाऱ्याचे शेत विकत घेतले जाई आणि शेजारी ओमाहा, लिंकन किंवा सू सिटीकडे कामाला जाई. १९३० च्या दशकात नेब्रास्कात सव्वा लाखाहून अधिक शेते होती. २०२२ च्या कृषिगणनेत ती सुमारे ४४ हजार उरली. बॉइड काउंटीचे उत्पादन बंद पडलेले नाही, तिथे आजही गुरे आणि पिके आहेत. परंतु त्यासाठी आता तितकी माणसे लागत नाहीत. २०२० मध्ये काउंटीची लोकसंख्या १,८१० होती.

त्यातच मोटारी आणि चांगले रस्ते आले. ज्या अंतराच्या हिशेबाने रेल्वेने ही गावे आखली होती, तो हिशेबच संपला. शेतकरी अर्ध्या तासात मोठ्या गावच्या दुकानात पोहोचू लागला आणि छोट्या गावातले दुकान बसले. पुढे रेल्वेचा तो फाटाही बंद झाला. जिच्यासाठी गाव वसले तीच गेली.

शाळा, टपाल कार्यालय आणि दुकाने केव्हा बंद झाली?

गावातल्या चर्चमध्ये शेवटचा अंत्यसंस्कार १९६० मध्ये झाला. टपाल कार्यालय १९६७ मध्ये बंद पडले आणि तीन किराणा दुकानांपैकी शेवटचेही त्याच दशकात गेले. शाळा १९७४ पर्यंत टिकली.

गावात १६ माणसे उरली असताना शाळा कशी चालली, असा प्रश्न इथे कोणालाही पडेल. याचे कारण वर सांगितलेच आहे. अशा गावातील संस्था भोवतालच्या शेतांवरील कुटुंबांच्या आधारावर चालत. शेतांवर मुले होती तोवर शाळा चालली. त्यामुळे ‘शाळा बंद झाली म्हणून लोक गेले’ हे विधान मोनोवायला लागू पडत नाही. शाळेच्या आधी गाव रिकामे झाले होते आणि शाळा बंद होणे हे भोवतालची शिवारेही रिकामी झाल्याचे चिन्ह होते.

एकच रहिवासी असताना गावाचा कारभार कसा चालतो?

नेब्रास्काच्या कायद्यात ‘व्हिलेज’ ही नगरसंस्थेची सर्वांत लहान श्रेणी आहे. साधारणपणे १०० ते ८०० लोकसंख्येच्या वस्तीला ती मिळते आणि पाच जणांचे विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहते. स्थापनेच्या काळी मोनोवाय या मर्यादेत बसत होते. लोकसंख्या घटली म्हणून हा दर्जा आपोआप जात नाही, त्यामुळे कागदोपत्री गाव टिकून राहिले.

२००० च्या जनगणनेत नोंदलेली दोन माणसे हे एक दांपत्य होते. २००४ मध्ये पतीचे निधन झाले आणि त्यानंतर पत्नी गावाच्या अध्यक्ष, कारकून आणि खजिनदार अशा सर्व पदांचे काम एकट्या पाहू लागल्या. (त्यांचे नाव वृत्तपत्रांतून सर्वत्र आले आहे; परंतु गावाचा इतिहास समजण्यासाठी ते आवश्यक नसल्याने इथे दिलेले नाही.) गावाची मधुशाला १९७१ पासून त्याच चालवत आल्या. तिच्या मद्यपरवान्याच्या अर्जावर अर्जदार म्हणून त्यांचीच सही आणि गावाच्या वतीने मंजुरी देणारी सहीही त्यांचीच. दरवर्षी गावाच्या रस्त्यांचा आराखडा त्यांना राज्याला सादर करावा लागे, कारण त्याशिवाय चार पथदिव्यांसाठी राज्याचा निधी मिळत नसे. गावाचा करही त्या स्वतःच भरत.

बातम्यांमध्ये हे सारे गमतीचे म्हणून सांगितले जाते. मला त्यात गंमत वाटत नाही. कर, आराखडा, परवाना आणि हिशेब ही कामे कोणीतरी वेळेवर केली नाहीत, तर नकाशावरचे गाव प्रशासनाच्या दृष्टीने नाहीसे होते. मोनोवाय इतकी वर्षे टिकले ते एका व्यक्तीने ही कंटाळवाणी कामे सोडून दिली नाहीत म्हणून.

गावात पाहण्यासारखे काय आहे?

मधुशाला हे गावाचे खरे केंद्र. तिथे जेवण मिळते, आणि भोवतालच्या काउंट्यांतील शेतकरी, पशुपालक, शिकारी व मालमोटारींचे चालक तिथे जमत आले आहेत. जनगणना माणूस कुठे झोपतो ते मोजते. तो कुठे चार माणसांत बसतो, हे मोजण्याची सोय तिच्यात नाही. त्या दृष्टीने मोनोवायचे समाजजीवन १ या आकड्यात मावत नाही.

मधुशालेशेजारी एका छोट्याशा लाकडी इमारतीत वाचनालय आहे. दिवंगत पतीने आयुष्यभर जमवलेल्या सुमारे ५,००० पुस्तकांचे ते आहे. आपल्या पुस्तकांचे सार्वजनिक वाचनालय व्हावे, ही त्यांची इच्छा त्यांच्या मागे पूर्ण करण्यात आली. याखेरीज जुने चर्च आणि काही पडकी घरे दिसतात. ती पाहताना ही कोणाची तरी खासगी मालमत्ता आहे, हे पाहुण्यांनी ध्यानात ठेवावे.

२०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १ ची २ कशी झाली?

गावात कोणी राहायला आले नव्हते. रहिवासी महिलेने स्वतः पत्रकारांना सांगितले, की इथे आपण एकट्याच आहोत. हा फरक जनगणना विभागाने गोपनीयतेसाठी वापरलेल्या पद्धतीतून आला.

अमेरिकी कायद्यानुसार जनगणनेत दिलेली कोणाचीही वैयक्तिक माहिती उघड करता येत नाही. मोठ्या शहराच्या तक्त्यात एका माणसाची माहिती आपोआप झाकली जाते. परंतु एकाच माणसाच्या गावाचा तक्ता म्हणजे त्या माणसाचे वय, लिंग आणि वंश यांची जाहीर नोंदच. आजच्या संगणकांच्या साहाय्याने निरनिराळे तक्ते जुळवून मोठ्या गावांतील व्यक्तीही ओळखता येऊ लागल्या आहेत. यावर उपाय म्हणून २०२० मध्ये विभागाने लहान प्रदेशांच्या आकड्यांत गणिती नियमाने थोडी अधिक-उणी भर घातली. राज्याची एकूण लोकसंख्या आणि प्रत्येक ठिकाणच्या घरांची संख्या मात्र जशीच्या तशी ठेवण्यात आली. मोनोवायच्या वाट्याला या फेरफारात एक जास्तीचा रहिवासी आला.

२०१० मध्ये वेगळी पद्धत होती. तेव्हा काही कुटुंबांच्या नोंदींची आपसांत अदलाबदल केली जाई, पण एकूण माणसांची संख्या बदलत नसे. म्हणून २०१० चा १ हा मोजलेला आकडा आहे आणि २०२० चा २ हा गोपनीयतेसाठी बदललेला आकडा आहे. ‘दहा वर्षांत लोकसंख्या दुप्पट झाली’ असे लिहिणे त्यामुळे चुकीचे ठरते. लहान गावांचे २०२० चे आकडे वापरणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने ही खबरदारी घेतली पाहिजे.

अशी आणखी गावे आहेत का?

आहेत. बॉइड काउंटीतच ग्रॉस नावाचे गाव आहे आणि २०१० च्या गणनेत त्याची लोकसंख्या २ होती. वायोमिंग राज्यातील लॉस्ट स्प्रिंग्स या गावाची २००० च्या गणनेतील नोंद १ होती. २०१० मध्ये तिथे ४ माणसे नोंदली गेली.

गावातील जुन्या रहिवाशांची माहिती मिळू शकते का?

मिळते, पण कालमर्यादेसह. अमेरिकेत जनगणनेचे व्यक्तिगत तक्ते ७२ वर्षांनी सर्वांसाठी खुले होतात. १९१० पासून १९५० पर्यंतचे मोनोवायचे तक्ते त्यामुळे राष्ट्रीय अभिलेखागारात उपलब्ध आहेत. १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. त्यांत प्रत्येक घरातील माणसांची नावे, वय, जन्मस्थान आणि व्यवसाय नोंदलेले असतात. शेतकरी, दुकानदार आणि शिक्षिका यांची मूळ घराणी कोणत्या देशांतून आली, हेही जुन्या तक्त्यांतील आईवडिलांच्या जन्मस्थानाच्या रकान्यावरून कळते. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद मात्र १९२१ मधील आगीमुळे नष्ट झाले. बॉइड काउंटी वसू लागली त्याच वर्षांचे ते दस्तऐवज होते, त्यामुळे अगदी पहिल्या वसाहतकारांचा माग काढायचा तर जमिनीच्या दाव्यांचे कागद पाहावे लागतात. ते होमस्टेडच्या नोंदींत सापडतात. १९६० मध्ये गावात असलेल्या ४० जणांची नावे एप्रिल २०३२ मध्ये खुली होतील.